ताब्याचा दावा आणि भाडेकरूची पत

बेळगावात भाड्याचे घर पाहायला जाणाऱ्याला काय काय विचारले जाईल, याची साधारण कल्पना असते. नोकरी कुठे, घरात माणसे किती, मांस-मच्छी शिजते का, मूळचे गाव कोणते. अलीकडे यात आणखी एका चौकशीची भर पडली आहे, आणि ती भाडेकरूला न विचारताच परस्पर पूर्ण होते. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स सेवेत राज्य आणि जिल्हा निवडून पक्षकाराचे नाव व वर्ष घातले, की त्या नावावरचे दावे मोबाइलच्या पडद्यावर येतात. घर पाहायला आलेल्या माणसाचे नाव घर खाली करून घेण्यासाठी मालकाने लावलेल्या एखाद्या ताब्याच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून दिसले, की दुसऱ्या दिवशी एजंटाचा निरोप येतो: घर दुसऱ्याला दिले. कारण सांगितले जात नाही, त्यामुळे त्याला उत्तरही देता येत नाही.

घरमालकाने भाडेकरूची चौकशी करू नये, असे माझे म्हणणे नाही. आपले घर अनोळखी माणसाच्या हाती देताना त्याची माहिती घेणे हा शहाणपणाचाच भाग आहे. माझा आक्षेप त्या चौकशीतून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. पूर्वी ताब्याचा दावा झाला म्हणजे माणूस भाडे बुडवणारा किंवा घर बळकावणारा असणार, हा निष्कर्ष कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे, आणि आपल्या सीमाभागात तर तो विशेषच अन्यायाचा ठरतो.

आधी कायदा पाहू. १९६१ च्या कर्नाटक भाडे नियंत्रण कायद्याच्या जागी १९९९ चा कर्नाटक भाडे कायदा आला आणि तो ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. मालकाला घर परत हवे असेल तर भाडे थकले, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, स्वतःला राहण्यासाठी खरोखर गरज आहे, अशा ठरावीक कारणांपैकी एखादे कारण या कायद्याखाली सिद्ध करावे लागते. मात्र हा कायदा सगळ्या घरांना लागू नाही. ज्या घराचे प्रमाण भाडे, म्हणजे कायद्यातल्या हिशेबाने ठरणारे भाडे, महिना ३,५०० रुपयांपेक्षा, आणि काही भागांत २,००० रुपयांपेक्षा, जास्त आहे त्या घराला तो लागूच होत नाही. आज टिळकवाडी, हिंदवाडी किंवा अनगोळात दोन खोल्यांचे बरे घर या मर्यादेत मिळत नाही. म्हणजे शहरातले बहुतेक भाडेकरू या कायद्याच्या छत्राबाहेर आहेत आणि त्यांना १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. त्या कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या भाडेपट्ट्यावरचे राहते घर खाली करून घेण्यासाठी मालकाने १५ दिवसांची नोटीस दिली की भाडेपट्टा संपतो. कारण द्यावे लागत नाही. भाडेकरूने एक रुपया थकवला नसला, भिंतीला खिळा ठोकला नसला, तरी नोटिशीची मुदत संपल्यावर तो घरात राहिला तर मालक ताब्याचा दावा लावू शकतो आणि बहुधा जिंकतो.

भाडेकरूची वागणूक कशी होती, हा प्रश्न अशा दाव्यात न्यायालयापुढे येतोच असे नाही. भाडेपट्टा होता का, तो रीतसर संपवला का, नोटीस पोचली का, एवढेच तपासून हुकूमनामा होतो. ज्या दाव्यात दोष सिद्ध करावाच लागत नाही, त्याच्या निकालावरून दोष कसा गृहीत धरायचा? घरमालकांशी बोलताना हा प्रश्न मी वारंवार मांडला आहे, आणि बहुतेकांनी तो प्रामाणिकपणे ऐकून घेतला आहे. दावा म्हणजे गुन्हा असे त्यांनी मनाशी धरले होते, ते अज्ञानातून, दुष्टाव्यातून नव्हे.

दावे का होतात, हे आपल्या गल्ल्यांतून फिरले तरी कळते. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत जुनी कौलारू घरे आहेत, ज्यांत एकेक कुटुंब दोन-दोन पिढ्या भाड्याने राहिले. मूळ मालक वारतो, मुलांत वाटण्या होतात, कोणी पुण्याला तर कोणी बेंगळुरूला असतो, जागा विकायची ठरते. बेळगाव २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत आले आणि शहरातल्या जागांना आणखी भाव चढला. घर विकत घेणाऱ्याला ते रिकामे हवे असते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मातीच्या भिंतींची अनेक घरे पडली किंवा खचली. ती दुरुस्त करण्यापेक्षा पाडून नवे बांधावे, असे मालकांना वाटणे साहजिक होते. यांतले एकही कारण भाडेकरूच्या हातचे नाही, पण नोंद मात्र त्याच्या नावावर होते.

वडगावातले एक यंत्रमागावर काम करणारे कुटुंब माझ्या माहितीचे आहे. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या दोन खोल्यांत संसार, अशी त्यांची राहणी होती. त्यांच्याकडे भाड्याची वही आहे, लाल कापडी बांधणीची. प्रत्येक महिन्यासमोर म्हाताऱ्या मालकाची सही आहे, आणि ज्या महिन्यांत भाडे मागेपुढे झाले त्यांच्यासमोर “सणामुळे उशीर, मिळाले” अशा मालकाच्याच हातच्या टिपा आहेत. मालक वारल्यानंतर मुलांनी जागा विकायला काढली आणि नोटीस दिली. माग हलवायचा म्हणजे तळमजल्यावरची, भक्कम जमिनीची, विजेची वेगळी जोडणी मिळेल अशी खोली शोधावी लागते. ती पंधरा दिवसांत मिळत नाही. कुटुंबाने मुदत मागितली, मुलांनी वकिलाच्या सल्ल्याने दावा लावला, आणि पुढे लोकअदालतीत तडजोड झाली. ठरलेल्या तारखेच्या आधीच त्यांनी घर खाली केले आणि अनामत रक्कमही परत मिळाली. दोन्ही बाजूंना शोभेल असे सगळे झाले. तरीही त्यानंतर खासबागेत घर पाहताना एजंटाने मोबाइलवर त्यांचे नाव दाखवून “तुमची केस आहे” म्हणून वाटेला लावले. वही पिशवीतच राहिली. ती पाहायला कोणी मागितलीच नाही.

या उदाहरणात मला सर्वांत जास्त खटकते ते हे की, इथे कायद्याने चालणारा माणूसच पकडला गेला. खरा बुडव्या भाडेकरू चार महिन्यांचे भाडे थकवून एका रात्रीत टेम्पोत सामान भरून निघून जातो. त्याच्यावर दावा लावण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. उलट मालकाने पाणी तोडले, वीज तोडली, कुलूप घालण्याची धमकी दिली म्हणून मनाई हुकूम मागायला स्वतः न्यायालयात गेलेल्या भाडेकरूचे नाव कायमचे तिथे राहते. यादीत फक्त क्रमांक आणि दोघांची नावे दिसतात. दावा उघडला तर तारखा आणि निकालाचे स्वरूप एका ओळीत कळते. संपूर्ण निकाल वाचायचा तर तो कन्नड किंवा इंग्रजीत असतो. घर दाखवण्याच्या घाईत असलेला एजंट त्या पायरीपर्यंत जात नाही.

नावांचा घोळ तर आपल्याकडे अपरिहार्य आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मारुती, परशराम, यल्लाप्पा, नागेश ही नावे आणि पाटील, जाधव, चौगुले ही आडनावे घरोघरी आहेत. एकाच गावात एकाच पूर्ण नावाची माणसे सापडतात, हे मतदार यादी वाचलेल्या कोणालाही माहीत आहे. त्यात मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना एकाची चार रूपे होतात. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-अंकांचा स्वतंत्र सीएनआर क्रमांक असतो, पण माणसाला तसा क्रमांक नसतो. त्यामुळे नावावरून शोधणारा मालक भलत्याच माणसाचा दावा पाहून भलत्यालाच नकार देऊ शकतो, आणि सुक्याबरोबर ओलेही जळते.

मालकांची भीती मी कमी लेखत नाही. आपल्याकडे घर भाड्याने देणारे सगळे धनाढ्य नसतात. निवृत्त शिक्षक, विधवा, लष्करातून परतलेला जवान, अशांनी आयुष्यभराची पुंजी घालून वरचा मजला बांधलेला असतो आणि त्याच्या भाड्यावर औषधपाणी चालते. अशा घरात अडून बसणारा भाडेकरू आला तर दिवाणी न्यायालयात वर्षे जातात, पुढे अपिलासाठी उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत जावे लागू शकते. एकदा तोंड पोळलेला मालक पुढच्या वेळी घाबरणारच. पण त्या भीतीवर इलाज आहे तो लेखी करार, वाजवी अनामत आणि लवकर निकाल देणारे न्यायालय यांत. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात त्या दिशेने काही चांगल्या तरतुदी आहेत: राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती, भाडे न्यायालयाने साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा, आणि मुदत संपूनही न निघणाऱ्याकडून पहिले दोन महिने दुप्पट व नंतर चौपट भाडे. हा आदर्श मसुदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो इथे लागू होत नाही. मालकांच्या संघटनांनी याचा आग्रह धरला तर मी त्यांच्या बरोबर असेन. मात्र त्याच मसुद्यात प्रत्येक भाडेकराराचा तपशील भाडे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ठेवण्याची तरतूदही आहे, आणि तिथे भाडेकरूचा पूर्वेतिहास किती काळ आणि कोणाला दिसावा, याचा विचार आधी व्हायला हवा.

ज्या देशांत भाडेकरूंची माहिती विकण्याचा धंदाच उभा राहिला, तिथे हा विचार उशिरा का होईना झाला. अमेरिकेत १९७० च्या पतमाहितीविषयक कायद्याप्रमाणे अहवाल विकणाऱ्या कंपन्यांना साधारणपणे सात वर्षांपेक्षा जुने दिवाणी दावे अहवालात दाखवता येत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये त्यापुढे पाऊल टाकले: दावा लावल्यापासून साठ दिवसांत मालक जिंकला नाही, तर ताब्याच्या दाव्याची नोंद त्रयस्थांना पाहता येत नाही. अमेरिकेतली परिस्थिती आपल्यासारखी नाही, तिथे लाखो दावे होतात आणि माहिती गोळा करणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. आपल्याकडे कंपनी नाही, पण एजंटांचे व्हॉट्सॲप गट आहेत, आणि “याला घर देऊ नका” असा एक संदेश संपूर्ण शहराची दारे बंद करायला पुरेसा होतो. त्या संदेशाला मुदत नसते, खुलाशाची सोय नसते, आणि तो कोणी लिहिला हेही पुढे कळत नाही.

भारतात खासगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. ते प्रकरण ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते न्या. के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. त्याच वर्षी जानेवारीत कर्नाटक उच्च न्यायालयाने एका स्त्रीचे नाव इंटरनेटवरच्या शोधात तिच्या खटल्याशी जोडले जाऊ नये म्हणून निर्देश दिले होते आणि विसरले जाण्याच्या हक्काचा विचार केला होता. ते प्रकरण स्त्रीच्या प्रतिष्ठेशी निगडित होते, घरभाड्याशी नव्हे. तरीही निकाल खुला ठेवूनही नावाने शोधण्याची वाट अरुंद करता येते, हे त्यातून स्पष्ट झाले. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे, पण कायद्यानुसार जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली असल्याने न्यायालयाच्या नोंदींबाबत त्याचा आधार मिळण्याची आशा मला कमी वाटते. म्हणून मार्ग उच्च न्यायालयाकडूनच निघायला हवा, कारण जिल्हा न्यायालयांवरील देखरेख आणि त्यांच्या कामकाजाचे नियम त्याच्या हाती आहेत.

माझी मागणी मर्यादित आहे. राहत्या घराच्या ताब्याचे जे दावे तडजोडीत निघाले, फेटाळले गेले, किंवा ज्यांत हुकूमनाम्याप्रमाणे घर खाली होऊन थकबाकी शिल्लक राहिली नाही, त्यांत भाडेकरूचे नाव सार्वजनिक नामशोधात येऊ नये. पक्षकार, वकील आणि न्यायालय यांना सर्व नोंद उपलब्ध असावी, निकाल अभ्यासकांना वाचता यावा. न्यायालय खुले राहण्याच्या तत्त्वाला त्याने बाधा येत नाही. थकबाकीचा हुकूमनामा झाला आणि तो फेडला गेला नाही, तर ती नोंद ठरावीक वर्षे दिसू द्यावी. मालकाला ज्या माहितीची खरी गरज आहे ती हीच.

नोंदीतल्या ज्या निकालांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते एकतर्फी निकाल, आणि इथे आपल्या भागाचा प्रश्न वेगळा होतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा भाग ज्या राज्यात आहे, त्या राज्याचा कारभार कन्नडमध्ये चालतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल काय लागायचा तो लागेल. तोवर येळ्ळूर, कंग्राळी किंवा खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या दारात कन्नड किंवा इंग्रजी समन्स येते, तेव्हा ती ते शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे नेते, आणि तो मुलगा तारीख सांगतो. पण तीस दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते आणि ती मुदत फार तर नव्वद दिवसांपर्यंत वाढते, हे तिला सांगणारे कोणी नसते. ती तारखेला जात नाही, कारण घर सोडायची तयारी तिने मनाने केलेली असते आणि न्यायालयात जाऊन काय सांगायचे हे तिला सुचत नाही. निकाल एकतर्फी होतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्यासाठी निकालापासून, आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल तर निकाल कळल्यापासून, तीस दिवसांत अर्ज करता येतो. हीही माहिती तिच्यापर्यंत बहुधा मुदत संपल्यावर पोचते. त्यानंतर नवे घर शोधताना एजंटाला तिच्या नावापुढे जे दिसते, त्यावरून ती न्यायालयालाही न जुमानणारी बाई ठरते.

घर मिळाले नाही तर काय होते, हेही इथे नेमकेपणाने पाहावे लागेल. जुन्या गल्लीतून उठलेले कुटुंब भाड्याच्या आशेने शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत जाते. तिथे जवळ मराठी शाळा नसते. तिसरी-चौथीतले मूल मधूनच कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात घालावे लागते, आणि आईबापांना त्याचा अभ्यास घेता येईनासा होतो. मागावरच्या माणसाचा माग सुटतो आणि तो उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात रोजंदारीवर उभा राहतो. मराठी शाळांची पटसंख्या का घटते याची चर्चा आपण सभांमधून पुष्कळ करतो. भाड्याच्या घरांचा त्याच्याशी असलेला संबंध मात्र कोणी मांडताना दिसत नाही. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. “आधीची केस आहे” हे कारण पुष्कळदा जात किंवा धर्म यांवरून दिलेल्या नकारावरचे सोयीचे पांघरूण असते. तेच कारण ओळखीच्या, आपल्यातल्या माणसाच्या बाबतीत सहज माफ होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

भाडेकरूनेही आपली बाजू कागदावर तयार ठेवली पाहिजे. तडजोडीची किंवा निकालाची प्रमाणित नक्कल, भाड्याची वही किंवा बँकेतून भरलेल्या भाड्याचा उतारा, आणि शक्य असल्यास आधीच्या मालकाचे “बाकी काही नाही” असे चार ओळींचे पत्र, एवढे जवळ असावे. २०२३ पासूनच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत भाडेकरूंनाही हेस्कॉम या वीज कंपनीच्या आर.आर. क्रमांकाशी, म्हणजे वीजजोडणीच्या क्रमांकाशी, आपला आधार जोडावा लागतो आणि घर सोडताना तो सोडवता येतो. कोण कुठल्या घरात होता आणि तिथून रीतसर गेला का, याचा तो एक साधा पुरावा होऊ शकतो. दाव्याची गोष्ट लपवण्यापेक्षा घर पाहतानाच सांगावी आणि नक्कल समोर ठेवावी, असे मी सुचवीन. मालकाने निदान दोन प्रश्न विचारावेत: दावा कशासाठी झाला, आणि घर सोडताना देणे राहिले होते का. एजंटाकडून आलेला निरोप हे या प्रश्नांचे उत्तर नव्हे; आधीच्या मालकाला एक फोन केला तर ते मिळते.

वकील नेमण्याची ऐपत नसलेल्यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि औद्योगिक कामगार यांना तर उत्पन्नाची अटही नाही. १५१०० हा मदत क्रमांक देशभर चालतो. ही सोय नोटीस हाती पडल्याच्या दिवशी वापरली तर उपयोगाची. बेलीफ दारात आल्यावर तिचा फायदा फार थोडा उरतो. म्हणून समन्सासोबत एक पानाचे मराठी सूचनापत्र जोडावे, अशी मागणी आपल्या वकील संघांनी, नगरसेवकांनी आणि गावोगावच्या पंचमंडळींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी करायला हवी. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याचे संरक्षण कागदावर आधीपासून आहे, आणि बेळगाव व खानापूर तालुके त्यात निःसंशय बसतात. त्या पानावर हजर राहण्याची तारीख, कैफियतीची मुदत, मोफत वकिलासाठी कुठे जायचे आणि गैरहजर राहिल्यास काय होते, एवढे चार मुद्दे असले तरी पुरेत. ते पान तयार करायला नवा कायदा लागत नाही, आणि न्यायालयाच्या कन्नड कामकाजात त्याने काडीचाही फरक पडत नाही.